जुन्या दप्तरासाठी छोटी शोधभाषा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : अंबाजोगाईत आम्ही काही मंडळींनी जुने फेरफार, खासरा पत्रके आणि छायाचित्रे स्कॅन केली असून प्रत्येक फाइलीसोबत गाव, तालुका, जिल्हा, प्रकार व वर्ष ही माहिती भरली आहे. शोधासाठी प्रत्येक रकान्याची वेगळी चौकट द्यावी, की एकाच चौकटीत सगळे टाइप करता यावे?

एकच चौकट ठेवावी आणि तिचे नियम नवख्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतील इतके थोडे असावेत. रकान्याचे नाव, मग कॉलन, मग हवे ते मूल्य, म्हणजे ‘तालुका:केज प्रकार:फेरफार’, असे लिहिले की दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या फाइली मिळाव्यात. जीमेल वापरणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची आहे. रकान्याचे नाव न देता कोणी नुसते ‘केज’ लिहिले, तर तो शब्द सर्व रकान्यांत शोधावा.

मराठीत मात्र याच कॉलनपाशी एक अडचण येते आणि ती पहिल्याच दिवशी सोडवावी लागते. अनेकजण कॉलनच्या जागी विसर्ग टाइप करतात. ‘तालुका:’ आणि ‘तालुकाः’ पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ती दोन निराळी चिन्हे आहेत. म्हणून माहीत असलेल्या रकान्याच्या नावाला लागून विसर्ग आला, तर तो कॉलनच समजावा. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातील ‘ऱ्या’चेही तसेच आहे. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवतात. दिसायला अक्षर एकच, पण संगणकाच्या लेखी शब्द दोन, आणि युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. १९६० आणि 1960 यांतील अंकांचीही तीच गत आहे. साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, एकाच नियमाने एकच रूप करून घ्यावे.

प्रश्न : ‘आणि’, ‘किंवा’ व कंस यांची सोय द्यावी का? (परभणी)

कंस देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘औसा किंवा निलंगा आणि फेरफार’ असे लिहिल्यावर डेटाबेसच्या नियमानुसार ‘आणि’ आधी जोडला जातो, त्यामुळे औशाची सगळी कागदपत्रे येतात आणि फेरफार मात्र फक्त निलंग्याचे येतात. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा तसे नसते. त्याऐवजी एकाच रकान्यात स्वल्पविराम चालू द्यावा : ‘तालुका:औसा,निलंगा प्रकार:फेरफार’. या लिखाणाचा दुसरा अर्थ निघत नाही आणि दप्तरातील बहुतेक शोध एवढ्यावर भागतात.

प्रश्न : जिल्ह्यांची नावे बदलली, काही जिल्हे नव्याने झाले. मग ‘जिल्हा:’ने काय शोधावे? (लातूर)

मराठवाड्यासाठी हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा जिल्हा तोच राहून नाव बदलले. तेथे पर्यायी नावांची यादी पुरते आणि कोणत्याही नावाने शोधले तरी उत्तर सारखेच यावे. लातूरचे तसे नाही. तो 1982 मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, त्यामुळे 1965 च्या औशाच्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद असाच लिहिलेला असणार. ही दोन नावे पर्यायी म्हणून जोडली, तर तुळजापूरची कागदपत्रेही लातूरच्या शोधात येतील. जालना 1981 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये झाली, तेथेही हेच घडेल. कागदावरचे नाव ‘मूळजिल्हा’ या रकान्यात जसेच्या तसे ठेवावे आणि ‘जिल्हा’ हा रकाना गाव-तालुक्यावरून आजच्या रचनेप्रमाणे भरावा. ज्याला जुनी रचना हवी, त्याने ‘मूळजिल्हा:उस्मानाबाद’ लिहावे.

प्रश्न : निजामकालीन कागदांवर फसली सन आहे. तारखांचा शोध कसा ठेवावा? (नांदेड)

काळाचा टप्पा दोन टिंबांनी दाखवावा : ‘वर्ष:1940..1948’. एक बाजू मोकळी सोडली, तर त्या बाजूला मर्यादा नाही असे समजावे. पूर्ण तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने घ्यावी. 05-06-1950 हा जून की मे, हा वादच मग उरत नाही.

फसली ही महसुलासाठी वापरली जाणारी वर्षगणना. हैदराबाद संस्थानातील फसली सनात 590 मिळवले की इसवी सन मिळतो, पण फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्याने ते दोन इसवी वर्षांत पसरते. फसली 1350 म्हणजे 1940-41. अशा कागदाला एकच इसवी वर्ष चिकटवू नये. सुरुवात आणि शेवट असे दोन आकडे साठवावेत, आणि शोधलेल्या काळाशी त्यांचा थोडा जरी भाग जुळला तरी फाइल दाखवावी. मूळ सन वेगळ्या रकान्यात राहिला, तर ‘फसली:1350’ असेही थेट शोधता येईल. भाषेने आकडा पाहून फसली की इसवी हे स्वतः ठरवू नये; जुना हस्तलिखित कागद इसवी 1350 चाही असू शकतो.

प्रश्न : ‘-तालुका:केज’ लिहिल्यावर ज्या फाइलींत तालुकाच भरलेला नाही, त्या दिसाव्यात का? (बीड)

दिसाव्यात. उणे चिन्हाचा अर्थ ‘केज लिहिलेले सोडून बाकी सर्व’ असा घ्यावा. एसक्यूएल या डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेत साधी ‘बरोबर नाही’ अशी तुलना केली, तर रिकाम्या रकान्यांच्या नोंदी गुपचूप गळतात, म्हणून ती अट वेगळी लिहावी लागते. अर्धवट माहितीच्या फाइली शोधून पुऱ्या करण्यासाठी ‘तालुका:रिकामे’ असा राखीव शब्दही द्यावा. आणि कोणी ‘तालूका:केज’ असे चुकून लिहिले, तर शून्य फाइली दाखवून थांबू नये. असा रकाना नाही आणि ‘तालुका’ आहे, हे तेथेच सांगावे, कारण शून्य पाहून माणूस कागद अस्तित्वातच नाही असे समजून परत जातो.