तारेवरचा पांढरा, लाल डोळ्यांचा पक्षी शिक्रा आहे का?

तुम्ही लिहिलंय की जिंतूरकडं जाताना तारेवर कावळ्याहून लहान, पांढरा-राखाडी पक्षी दिसला, डोळे लालभडक होते, आणि नंतर तो हरभऱ्यावर एकाच जागी पंख मारत थांबला. सोबतच्यांनी त्याला शिक्रा म्हटलं. शिक्रा नव्हे, ती कापशी. काही जण कापशी घार म्हणतात.

गफलत होणं साहजिक आहे. आमच्याकडं तर वाकड्या चोचीचं जे उडेल ते ‘ससाणा’! डोळ्यांवर मात्र फार जाऊ नका, जुन्या नर शिक्र्याचेही डोळे तांबडे असतात. छाती बघा. शिक्र्याच्या छातीवर तांबूस आडव्या रेघा असतात, कापशीची छाती पिंजलेल्या कापसासारखी कोरी. कापशीच्या खांद्यावर काळा डाग असतो, बसल्यावर तो ठळक दिसतो. शिवाय शिक्रा झाडांच्या आडोशानं सपकन येतो, हवेत असा लटकत नाही. लटकणारी दुसरी म्हणजे खरुची, हाही छोटा शिकारी पक्षी, पण ती हिवाळी पाहुणी, पाठ विटकरी आणि डोळे काळे. लांबून काहीच कळेना तर शेपटी बघा: तारेवर बसलेली कापशी शेपटी वर-खाली हलवत राहते.

राहते कुठं, तर अशाच मोकळ्या रानात. दाट जंगल तिच्या कामाचं नाही. ज्वारी, हरभरा, माळ, पडीक गायरान, आणि टेहळणीला एखादी तार नाहीतर बाभळीचा शेंडा, एवढं तिला पुरतं. मुख्य खाणं उंदीर, जोडीला नाकतोडे, सरडे. घरटंही बहुतेक बांधावरच्या बाभळीतच, काटक्यांचं, ओबडधोबड. उंदीर भरपूर असले की वर्षात कधीही अंडी घालते, साधारण तीन-चार.

कोंबडीच्या पिलांचं विचारलंत. पिलं उचलतो तो शिक्रा, बदनाम होते ही. उलट तुमच्या हरभऱ्यातले उंदीर ती फुकटात कमी करते. फक्त तिथं ब्रोमॅडिओलोनच्या, म्हणजे उंदीर मारायच्या विषाच्या, वड्या टाकल्या असतील तर जरा जपा. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस उघड्यावर झिंगत फिरतो, आणि असा आयता उंदीर कापशी सोडत नाही. विष मग तिच्याही पोटात जातं. मेलेले उंदीर दिसले की खोल पुरून टाका.

पुन्हा त्या वाटेनं गेलात तर तारेजवळच्या बाभळी न्याहाळा. जोडी असेल तर घरटं फार लांब नसावं.