बायोमेट्रिक घेण्याआधी हजेरीपट वाचा

अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत लोक सर्रास दांड्या मारतात, बायोमेट्रिक (बोटाच्या ठशाने हजेरी घेणारं यंत्र) बसवलं तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. पडेल. टिकेल की नाही, हे मात्र हजेरीतून सूट कोण मंजूर करतं यावर ठरेल.

उदयपूर भागातले दोन प्रयोग बघा. सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत तारीख-वेळ उमटणारे कॅमेरे दिले. शाळा भरताना आणि सुटताना शिक्षकाचा मुलांसोबत फोटो काढायचा, आणि पगार हजर दिवसांनुसार. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. मग २००६ मध्ये तिथल्याच सरकारी आरोग्य उपकेंद्रांतल्या नर्सेससाठी वेळेची नोंद करणारी यंत्रं आणि पगारकपात आली. पहिले सहा महिने छान चाललं. पुढे आरोग्य प्रशासनानेच 'सूट दिलेले दिवस' वाढवत नेले आणि दीड वर्षात सगळं मुसळ केरात. यंत्रं बिघडल्याच्या तक्रारी आल्याच, पण खरी गळती वरिष्ठांच्या सहीतून झाली.

म्हणून आधी गेल्या वर्षभराचं मस्टर घेऊन बसा. रजा, बिनपगारी आणि 'कामानिमित्त बाहेर' हे तीन रकाने वेगळे काढा. तिसरा रकाना फुगलेला असेल तर दौऱ्याचा अहवाल जोडल्याशिवाय तो दिवस हजर धरू नका, आणि हे साहेबांनाही लागू करा. त्यांना वगळलंत की खालचे कुणी जुमानणार नाहीत.

सलग रजा आणि तुटक रजा यांतही फरक करा. ब्रॅडफर्ड फॅक्टर या गैरहजेरी मोजण्याच्या सूत्रात गैरहजेरीच्या खेपांच्या संख्येचा वर्ग करून एकूण दिवसांनी गुणतात. सलग दहा दिवसांचे १० गुण, एकेक दिवसाच्या दहा वेगळ्या दांड्यांचे १०००. तुटक दांड्या लगेच डोळ्यांत भरतात. पण आकडा पाहून थेट मेमो काढू नका. डायलिसिसला जाणाऱ्याचाही आकडा असाच फुगतो, आणि त्याला मेमो देणं हा निव्वळ अन्याय आहे.

दांडीनंतर परत रुजू झालेल्या माणसाशी त्याच दिवशी दहा मिनिटं एकट्यात बोला. घरी कुणी आजारी आहे का, तो दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं काम ओढतोय का, हे तिथेच कळतं. सेवाभावी संस्थांत तर थकलेला माणूस रजा मागायलाच लाजतो आणि शेवटी न सांगता घरी बसतो.

आणि अनुदान अडकल्यामुळे पगार लांबत असतील, तर ते आधी मार्गी लावा. पगार थकवणाऱ्या संस्थेने हजेरीचा हिशेब कोणत्या तोंडाने मागायचा?