जुहू-गिरगावच्या वाळूत पावसाळ्यात दिसणारे निळे फुगे जेलीफिश आहेत का? मेलेल्याला हात लावला तर चालेल का?

नाही, ती जेलीफिश नाही, आणि मेलेली दिसली तरी हात लावू नका. हिचं शास्त्रीय नाव फायसेलिया. आपल्याकडे ब्लू बॉटल म्हणतात. गंमत म्हणजे हा एक प्राणी नाहीच, एकमेकांना चिकटून वाढलेल्या अनेक जीवांची वसाहत आहे. कुणी तरंगायचं, कुणी भक्ष्य पकडायचं, कुणी पचवायचं, कुणी प्रजनन करायचं, अशी कामं वाटलेली. एकटा काढला तर त्यातला कुणीच जगणार नाही. तिला पोहता येत नाही. फुगा शिडासारखा वाऱ्यावर चालतो, म्हणून नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की ती आपल्या किनाऱ्यावर येऊन पडते.

धोका फुग्यात नाही, खाली लोंबणाऱ्या निळ्या दोऱ्यांत आहे. त्यांतल्या दंशपेशी स्पर्श होताच आपोआप फुटतात, त्यासाठी प्राणी जिवंत असावा लागत नाही. तुटलेला तुकडाही डसतो.

डंख झालाच तर:
- चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा
- चिकटलेले दोरे चिमट्याने काढा
- सोसेल इतक्या गरम पाण्यात २० मिनिटं धरा
- श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट डॉक्टर

व्हिनेगर लावावं की नाही यावर तज्ज्ञांत एकमत नाही. लघवीचा उपाय मात्र सरळ विसरा.

आणि एक, किनाऱ्यावरची प्रत्येक निळी गोष्ट ही नव्हे. नाण्याएवढी चपटी चकती आणि भोवती झालर दिसली तर ती पोर्पिटा, म्हणजे ब्लू बटन. तिचा डंख माणसाला फारसा जाणवत नाही.