हरिपाठ चालू असतो आणि डोक्यात पाण्याचा टँकर येतो

"देवाचं करता करता देवच लांब गेला बघा."

हे वाक्य समुपदेशनात निरनिराळ्या तोंडून ऐकू येतं. मंदिराचे विश्वस्त, सप्ताहाची वर्गणी गोळा करणारे, भजनी मंडळ सांभाळणाऱ्या बाई, घरातले सगळे कुळाचार एकटीच्या अंगावर घेतलेली सून. बाहेरून सगळं व्यवस्थित, लोक पाया पडतात, आणि आत कोरडा ठणठणाट. मग दोन प्रश्न हमखास येतात. मी ढोंगी आहे का? आणि हे सगळं सोडून द्यावं का?

ज्यांची हकिकत इथे आहे ते सातारा जिल्ह्यातले माध्यमिक शिक्षक, वय 47. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात तीन पिढ्यांची वारी. वडील माउलींच्या पालखी सोहळ्यात 180 माणसांची दिंडी चालवायचे. ते वैशाखात गेले. तेराव्याला मंडळींनी वीणा, म्हणजे दिंडीचं पुढारपण, मुलाच्या गळ्यात घातली आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला, प्रस्थानाच्या दिवशी, हे दिंडी घेऊन आळंदीत हजर. त्यानंतर तीन वाऱ्या झाल्या. तिसरी करून आल्यावर ते भेटायला आले. "रोज संध्याकाळी देवळात हरिपाठ मी सांगतो. सत्तावीस अभंग पाठ, एक शब्द चुकत नाही. पण चौथ्या अभंगाला लोणंदच्या टँकरवाल्याचे पैसे आठवतात. वडलांच्या डोळ्याला पाणी यायचं. माझ्या येत नाही. चुलतभावाला देऊन टाकावी म्हणतो दिंडी."

अशा वेळी पहिलं काम अध्यात्माचं नसतं. झोप कशी आहे, जेवण जातं का, शाळेत शिकवताना मन लागतं का, हसू येतं का, जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारायचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कशातच रस नसणं एकत्र दिसलं, तर तो कोरडेपणा आजाराचा असू शकतो. त्याला माळ वाढवून उपयोग नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. सरकारची टेली-मानस सेवा 14416 वर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. "नामात राहा, सगळं ठीक होईल" असं सांगून खऱ्या नैराश्याच्या माणसाला परत पाठवणारे कमी नाहीत. त्याने नुकसान होतं, आणि ते नुकसान नामाच्या नावावर जमा होतं. या सरांचं तसं काही नव्हतं. दहावीच्या वर्गाबद्दल बोलताना चेहरा खुलत होता. कोरड पडली होती ती एकाच जागी.

मग विचारलं, कोणी ऐकत नसताना, काही पार पाडायचं नसताना विठ्ठलाचं नाव शेवटचं कधी घेतलं? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोटारसायकलवर." शाळा घरापासून चौदा किलोमीटर. वडील होते तोवर रोज जाताना-येताना रामकृष्णहरि चालायचं, कधी एखादा अभंग मोठ्याने. दिंडी अंगावर आली तशी कानात फोनची गुंडी आली. अन्नदाते, तंबूवाला, भिशी (दिंडीतल्या खर्चाची वर्गणी) कोणाची राहिली, आचारी कोण आणायचा, ही सगळी बोलणी त्या चौदा किलोमीटरमध्ये व्हायला लागली.

हरवलं होतं ते हे. देवळातला हरिपाठ नंतर सुकला, कारण त्याला पाणी याच पाटातून येत होतं. अशा माणसाला लोक नवी साधना सुचवतात: पहाटे साडेतीनला ऊठ, पारायण धर, अनुष्ठान कर. आधीच ओझ्याने वाकलेल्या माणसावर ती आणखी एक जबाबदारी होते, आणि आठव्या दिवशी मोडली की अपराधीपणाची भर पडते. आधी जे होतं आणि आपसूक चालायचं, ते शोधून पुन्हा चालू करणं जास्त टिकतं.

म्हणून पहिले पंधरा दिवस एवढंच ठरलं. गाडीवर फोन बंद, कानात काही नाही. माळ नाही, मोजणं नाही. गाडी चालवताना डोळे रस्त्यावरच हवेत, म्हणून डोळे मिटून ध्यान वगैरे अजिबात नाही. नाम येईल तसं घ्यायचं, नाही आलं तर गप्प जायचं. सकाळचे फोन कोण घेणार? पुतण्या. हा भाग बोलायला सोपा, करायला सगळ्यात अवघड. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा रस्त्याकडेला गाडी लावून फोन पाहिलाच.

पंधरा दिवसांनी दुसरी गोष्ट जोडली. पहाटे पंधरा मिनिटं, देवघरात नाही, मागच्या अंगणात तुळशीपाशी. देवघरात आई येते, बायको येते, आणि कोणी बघतंय म्हटलं की हे लगेच 'दिंडीचे महाराज' होतात. पंधरा मिनिटांची वाटणी अशी: तुळशीमाळेची एक माळ, 108 मणी, सावकाश घेतली तर सहा-सात मिनिटं. मग हरिपाठातला एकच अभंग, चाल न लावता, तीनदा वाचायचा. सत्तावीस नाहीत. चालीवर सगळा हरिपाठ म्हणायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि पाठांतर इतकं पक्कं की जीभ पुढे पळते, मन मागे राहतं. पाठ असूनही पुस्तक समोर धरायला सांगितलं ते त्यासाठीच; डोळा अक्षरावर अडला की जीभ थांबते. उरलेल्या चार-पाच मिनिटांत विठ्ठलाशी बोलायचं. तोंडाने, आपल्या भाषेत. शेवटी वहीत एक ओळ: आज मन कुठे होतं. 'छान वाटलं', 'नाही वाटलं' असं लिहायचं नाही. ते लिहायला लागलं की माणूस अनुभवाची परीक्षा घेत बसतो, आणि डोळ्याला पाणी आणायचा प्रयत्न करू लागतो. वडलांचे अश्रू हा यांचा मोजमापाचा दांडा झाला होताच.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. ताप, लग्नघर, परीक्षेची गडबड असेल तेव्हा अकरा वेळा नाम, उभ्या उभ्या. आणि घरात कोणालाही सांगायचं नाही की 'मी हल्ली पहाटे बसतो'. तिसऱ्या आठवड्यात उत्साह येतो आणि माणूस पंधराचा तास करतो. या सरांनीही केला. चौथ्या आठवड्यात चार दिवस चुकले. पुन्हा पंधरावर आणलं.

वही बघण्यासारखी आहे. पहिल्या दहा दिवसांत टँकर चार वेळा, चुलतभाऊ तीन वेळा. बोलण्याच्या जागी मात्र रोज एकच: "काय बोलायचं? त्याला सगळं माहीतच आहे."

माहीत असलेल्या माणसाशी आपण बोलत नाही का? बायकोला माहीत असतं आपलं डोकं दुखतंय, तरी सांगतोच. पण असं समजावून हे गाडं हललं नाही. हललं ते वारीतल्याच एका रिवाजाने.

मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाज आरती होते हे वारकऱ्याला सांगायला नको. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ असतो, आणि सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मग हरवलं-सापडलं सांगतात, उद्या निघायची वेळ सांगतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर त्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत. सगळा तळ गप्प आणि तेवढ्या कोपऱ्यातून टाळ वाजतायत. चोपदार तिकडे जातात, विचारतात, ऐकून घेतात. तक्रार करणारा बंडखोर ठरत नाही. आरती त्याच्यासाठी थांबते. हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमारास सोहळ्याला आजचं रूप दिलं, त्या शिस्तीच्या सोहळ्यात तक्रारीला ही अशी राखीव जागा आहे.

सरांना विचारलं, तीन वर्षांत तुमच्या दिंडीने टाळ वाजते ठेवले का? म्हणाले, एकदा, तंबूच्या जागेवरून. आणि तुम्ही स्वतः?

ते काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीत वहीत दोन पानं भरली होती. वडील गेल्यावर रडायला वेळ मिळाला नाही. तेराव्याला वीणा गळ्यात आली तेव्हा 'मला नको' म्हणायचं होतं, समोर दीडशे माणसं होती. पंढरीला पोचल्यावर कळसाचं दर्शन झालं तेव्हा आत राग होता, आणि देवावर रागावलेला माणूस दिंडी कसा चालवणार म्हणून तो त्यांनी गिळला. राग बंद केला त्याबरोबर बाकीचंही बंद झालं. नळ एकच असतो.

वारकरी परंपरेला हा राग नवा नाही. नामदेव विठ्ठलाशी भांडतात, जनाबाई त्याला वाट्टेल ते बोलते, तुकोबांच्या गाथेत देवाला धारेवर धरणारे अभंग ढिगाने आहेत. आपण ते चालीवर म्हणतो, म्हणून ते भांडण आहे हे ऐकू येत नाही. सरांना एवढंच सांगितलं की तुळशीपाशी पाच मिनिटं टाळ थांबवू नका. विटेवरच्याला विचारा, वडील का नेले, माझ्यावर का टाकलं. उत्तराची वाट बघायची नाही, आणि स्वतःच देवाच्या वतीने उत्तर देऊन मोकळंही व्हायचं नाही. दुसरी चूक धार्मिक माणसं फार करतात.

आता दिंडी चुलतभावाला द्यायचं. कोरड्या दिवसांत असा मोठा निर्णय घ्यायचा नाही, निदान सहा महिने पुढे ढकलायचा. त्या काळात सोडायची ओढ आणि सोडणं योग्य असणं यातला फरक कळत नाही. पण थांबायचं म्हणजे सगळं तसंच ओढायचं असंही नाही. अखंड सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, पण कोणी एकटा सात दिवस धरून उभा राहतो का? दोन-दोन तासांचे पहारे असतात. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. वीणा खंड न पडता चालते ती त्यामुळे. सरांना हे लहानपणापासून ठाऊक होतं. भिशीची वही आणि टँकर यांनाही पहारा लागतो हे सुचलं नव्हतं.

मग कामं वाटली. हिशेब दोघांकडे, त्यातल्या एक बाई, आणि वारीवरून आल्यावर जमाखर्च सगळ्यांसमोर वाचायचा. पाणी, ट्रक, तंबू पुतण्याकडे, त्याचे फोन सरांकडे येणार नाहीत. सरांकडे वीणा, हरिपाठ, आणि माणसामाणसांतले तंटे. शिवाय वाटचालीत रोज एक तास ते दिंडीप्रमुखाच्या जागी नाहीत. मागच्या ओळीत टाळ घेऊन, खिसा रिकामा. हा तास दुपारच्या विसाव्यानंतरचा ठेवला, सकाळी तक्रारी जास्त असतात.

तंट्यांच्या बाबतीत एक सवय मोडावी लागली. वाल्ह्याच्या मुक्कामाला एकदा टँकर आला नाही, बाया-माणसं रात्री पाण्यावाचून राहिली, आणि सर म्हणाले होते, "माउलींची इच्छा." टँकरवाल्याला आगाऊ पैसे पाठवायचे राहिले होते, ही खरी गोष्ट. श्रद्धेने पुढारपण करणारा माणूस घसरतो तो इथे. आपली चूक देवाच्या खात्यावर लिहिली की लोक समोर मान डोलावतात आणि मागे दुसरी दिंडी शोधतात. 'माउलींची इच्छा' हे पावसात तंबू पडल्यावर म्हणावं. पैसे पाठवायचे विसरल्यावर 'चुकलं' म्हणावं. भाद्रपदातल्या बैठकीत ते तसं म्हणाले. एक म्हातारी माळकरी उठली आणि म्हणाली, "मग भाऊ, तीन वर्षं का नाही बोललास?" एवढंच झालं, आणि पुढचा विषय निघाला.

तंटा निवडायची रीत साधी ठेवली. जिवाचा प्रश्न नसेल तर त्याच रात्री निकाल नाही. आधी हरिपाठ, मग झोप, सकाळी चालताना दोघांना वेगवेगळं ऐकायचं, आणि ज्याचं दिंडीत वजन कमी त्याला आधी. भिशी न भरता आलेल्या एका विधवा बाईला पंगतीत बसू द्यायचं की नाही यावर दोन वर्षं कुरबूर होती. रीत बदलल्यावर सरांनी पहिल्यांदा तिला विचारलं. ती भिशी भरू शकत नव्हती, पण भाकरी करायला पहाटे उठायला तयार होती. हे आधी कोणी विचारलंच नव्हतं.

चुलतभाऊ अजून बोलत नाही. देवळातला हरिपाठ कधी कधी अजून कोरडा जातो, आणि डोळ्याला पाणी आलेलं नाही. कार्तिकात वहीत लिहिलं होतं: "आज टँकर बाराव्या अभंगाला आठवला." खाली वेगळ्या शाईत, बहुधा गाडी लावून शाळेच्या फाटकापाशी लिहिलेलं: "गाडीवर मोठ्याने म्हटलं. रस्त्यातला एक पोरगा हसला."