वाचकांचे प्रश्न : गुरूचा फोटो पांढरा गोळाच का येतो?

प्रश्न : माझी न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण २०० मिमी व्यासाची, १२०० मिमी नाभीय अंतराची आहे. कॅमेरा रंगीत, पिक्सेल २.९ मायक्रॉनचे. डोळ्याने गुरूवरचे पट्टे दिसतात, फोटोत मात्र पुसट पांढरा गोळा. काय चुकतंय?

उत्तर : गोळा पांढरा येतो तो जादा एक्स्पोजरमुळे आणि पुसट होतो तो हवेमुळे. हवा सतत थरथरत असते, म्हणून एकच फोटो काढण्यात अर्थ नाही. व्हिडिओ घ्या आणि त्यातले स्थिर क्षण वेचा.

आधी एफ-गुणोत्तर (नाभीय अंतर भागिले व्यास) ठरवा. पिक्सेलच्या मायक्रॉनला ५ने गुणा : साधारण एफ/१५. तुमची दुर्बीण एफ/६ आहे, म्हणजे २.५ पटीची बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग) लावा. मग गुरू सव्वादोनशे पिक्सेलच्या आसपास रुंद दिसेल. ६४० बाय ४८० ची चौकट पुरते. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर १० मिलिसेकंद ठेवा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ६०-७० टक्क्यांपुढे नेऊ नका, व्हिडिओ फाइल एसईआर प्रकारची ठेवा. दोन मिनिटांत सुमारे १२,००० फ्रेम मिळतील. त्याहून फार लांबवू नका : गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, तपशील सरकून पुसट होतात.

ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये उत्तम १० ते २० टक्के फ्रेम एकत्र करा, मग रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरचे वेव्हलेट (तपशिलांना धार देणारी सोय) वापरा. इथे हात आखडता घ्या. कडेला दुहेरी रेघ उमटली की धार जास्त झाली समजा.

एवढं करूनही पुसटच? बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याचा नसतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, आरसा गार होऊ द्या. गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. मातीचं अंगण केव्हाही बरं. कॉलिमेशन (आरशांची जुळणी) तपासा आणि फोकस गुरूच्या एखाद्या चंद्रावर साधा. गुरू क्षितिजाजवळ असताना घाई करू नका. फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीला (गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना) तो महाराष्ट्रातून मध्यरात्री जवळपास डोक्यावर असेल. ती संधी सोडू नका.

प्रश्न : गुरूभोवती फिरणाऱ्या नासाच्या जुनो यानाच्या चित्रांत गुरूवर गडद निळे भोवरे दिसतात. ते रंग खरे का?

उत्तर : भोवरे खरे, रंग गडद केलेले. यान मिनिटाला सुमारे दोनदा गिरकी घेतं, तेव्हा त्यावरचा जुनोकॅम कॅमेरा लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून पट्ट्या टिपतो. त्या कच्च्या पट्ट्या मोहिमेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या आहेत. हौशी मंडळी त्या जोडतात आणि ढगांचे थर उठून दिसावेत म्हणून रंग वाढवतात. डोळ्याला गुरू फिकट साय आणि तपकिरी छटांचाच दिसेल.