पाणी सोडलं, युरिया टाकला, तरी नेपिअरचं पान आखूडच का?

राम राम मंडळी. मोहोळकडच्या एका दादांचा फोटो आलाय, हायब्रीड नेपिअरची (जनावरांच्या चाऱ्याचं उंच गवत) पानं पार आखूड राहिलीत, महिनाभर बोअर आटला होता, आता पाणी सोडलं, वर युरियाबी टाकला, तरी "पानं काय लांब होईनात साहेब, अजून एक डोस टाकू का?" दादा, टाकू नका. जी पानं उघडून आखूड राहिलीत ती आता आखूडच राहणार, त्यांच्यासाठी युरिया म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गवताचं पान टोकाला वाढत नाही, बुडातनं वाढतं. ज्वारी, मका, ऊस, नेपिअर सगळी एकाच खानदानातली. म्हणून तर बांधावरचं गवत गाईनं वरनं ओरबाडलं तरी तेच तुटकं पान परत वर सरकतं. खात्री करायची तर पोंगा (मधली न उघडलेल्या पानांची गुंडाळी) उभा चिरून बघा, बुडाला पांढरट मऊ भाग दिसेल, वाढ काय ती तेवढ्यातच.

तिथल्या पेशीत पाण्याचा दाब असतो, ट्यूबमधे हवा असती तसा, आणि तो दाब पेशीच्या भिंतीला ताणतो. पण नुसत्या दाबानं भागत नाही, भिंतपण सैल पाहिजे. भिंतीत सेल्युलोजचे दोर असतात आणि त्यांच्या मधनं हेमिसेल्युलोजच्या साखळ्या, वाढीच्या भागात ही भिंत जरा आंबट होते, एक्सपान्सिन नावाची प्रथिनं दोरांची पकड ढिली करतात, मग भिंत सरकते आणि पेशी लांबते. पुढं पेशी वर ढकलली गेली की गवताची खास भानगड सुरू, हेमिसेल्युलोजला फेरुलिक ॲसिड चिकटलेलं असतं, शेजारशेजारच्या साखळ्यांवरची ही ॲसिडं एकमेकांत अडकतात, शर्टाची बटणं लावल्यागत, आणि वरनं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा पदार्थ, बसतं. कुलूप लागलं. पाण्याचा ताण पडला की दाब तर कमी होतोच, पण वाढीचा तो मऊ भागबी आखूड होतो आणि भिंती लवकर ताठ होतात. तुमच्या प्लॉटला हेच झालंय.

आता करायचं काय, तर जमिनीपासून चार ते सहा इंच ठेवून कापणी घ्या (उन्हाळ्यात एकदम बुडाशी छाटून ठोंब मारू नका), पाणी द्या, आणि वाफसा आला की युरिया. नवीन फुटव्यातल्या पेशी अजून सैल असतात, दिलेलं खत तिथं कामाला येतं.

मंगळवेढ्याच्या ताई विचारतात, जनावरं नेपिअरची जाड बुडखं टाकतात, गव्हाणीत नुसतं चघळ उरतं. ताई, कुलूप तेच की वो! पोटातले जंतू सेल्युलोज पचवतात, पण लिग्निननं वाट अडवलेली असते. कुट्टी केली की वाया कमी जातं हे खरं, कुलूप मात्र उघडत नाही. पहिल्या कापणीनंतर दर 45-50 दिवसांनी कापा. पंधरा फुटी नेपिअरसमोर उभं राहून फोटो टाकायची फॅशन आलीय, आता फोटो झकास येतो, म्हशीला मात्र लाकूड मिळतं.

वाळल्या कडब्याला एक उपाय आहे. 100 किलो कुट्टीला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत शिंपडायचा, तुडवून दाबायचं, प्लास्टिकनं 21 दिवस हवाबंद ठेवायचं. आत अमोनिया तयार होतो, तो फेरुलिक ॲसिडच्या काही गाठी सोडवतो, कडबा मऊ पडतो. खायला घालायच्या आधी तास-दोन तास पसरून वास जाऊ द्या, सुरुवात थोडक्यानं करा, सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नको. आणि युरियाचं पाणी थेट पाजायचं किंवा शिंपडून लगेच खायला द्यायचं, असलं काही करू नका, जनावर दगावतं. मालदांडी ज्वारीचा चांगला कडबा असेल तर एवढा खटाटोप कशाला, तो जनावरं तशीच आवडीनं खातात.

जाता जाता एक. नेपिअर कमी पडलं म्हणून पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी कापून घालू नका, तिच्यात सायनाइडचं विष वाढलेलं असतं. फुलोऱ्यात येऊ द्या, मग कापा.

मोहोळच्या दादांनी कापणीनंतर नवा पोंगा चिरून फोटो टाकावा, मऊ भाग किती बोटं आलाय ते बघू.