पुढची चाके ओढत नाहीत : दोष ट्रान्सफर केसचा की अॅक्सलचा?

प्रश्न : मी वारज्यात राहतो. वेल्ह्याजवळच्या भातखाचरांकडे जाता यावे म्हणून मी एक जुना फोर बाय फोर डिझेल पिकअप घेतला आहे. नॉब ४एच वर (चारही चाकांना ताकद देणाऱ्या स्थितीवर) फिरवला की डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि चिखलात फक्त मागची चाके फिरतात. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) बदलावी लागेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. एवढा खर्च करण्याआधी काही तपासता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य येईल, आणि ही तपासणी होईपर्यंत ट्रान्सफर केस उतरवू देऊ नका. दिवा लुकलुकतो याचा अर्थ बहुतेक गाड्यांत एवढाच असतो, की हुकूम सुटला आहे, पण जोडणी पूर्ण झाल्याचा सेन्सरचा निरोप परत आलेला नाही. ही जोडणी नॉबवर चालणाऱ्या पिकअपमध्ये बहुधा दोन ठिकाणी होते. ट्रान्सफर केसमध्ये पुढचा प्रोपेलर शाफ्ट (अॅक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा) मागच्याशी जोडला जातो, आणि पुढच्या अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, आणखी एक जोड असतो, जो व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) किंवा छोट्या मोटरवर चालतो.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि पुढचे एकच चाक जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड द्या. इंजिन चालू करून नॉब ४एच वर न्या, थोडे थांबा, मग इंजिन बंद करून पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहा. तो सहज फिरला, तर ट्रान्सफर केस जोडली गेलेली नाही. मात्र तेवढ्यावरून ती निकामी ठरत नाही, कारण आधीच्या मालकाने फोर बाय फोर वर्षानुवर्षे वापरलेच नसेल, तर तिच्यावरची शिफ्ट मोटर (जोडणी करणारी मोटर) जाम होते किंवा सॉकेटच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. म्हणून आधी फ्यूज पाहावा, सॉकेट साफ करावे आणि नॉब फिरवताना मोटरचा आवाज येतो का, ते ऐकावे.

शाफ्ट घट्ट राहिला, तर ट्रान्सफर केस आपले काम करते आहे. अशा वेळी इंजिन पुन्हा चालू करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि गाडीखाली कोणीही नसताना, उचललेले चाक फिरवून पाहा. ते मोकळे फिरले, तर दोष पुढच्या अॅक्सलच्या जोडात आहे. तुमच्या वर्णनावरून माझा संशय याच जागेवर आहे. तिथला जोड व्हॅक्यूमचा असेल, तर त्याच्या रबरी नळ्या उष्णतेने कडक होऊन चिरतात, आणि पार्किंगमध्ये उंदीर त्या कुरतडतात तो त्रास वेगळाच. नळी काढून टोकावर बोट धरले असता ओढ जाणवली नाही, तर मागे मागे जात चीर किंवा बिघडलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी झडप) शोधावा. नळीचा तुकडा नाना पेठेत सहज मिळतो आणि त्याचा खर्च ट्रान्सफर केसच्या तुलनेत नगण्य आहे.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले आहेत का, हेही पाहा. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या घेराचे असतील, तर ४एच मध्ये शाफ्टवर सतत ताण येतो आणि जोडणी नीट सुटत नाही. कोरड्या रस्त्यावर टायर सारखे असले तरी असाच ताण येतो, म्हणून दुरुस्तीनंतरही कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच लावू नये. ४एल (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा फोर बाय फोर) मात्र गाडी पूर्ण थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवूनच लावावा.